पगार-खर्च तुलनेच्या वेबसाइटचा रिव्ह्यू: नाशिकचे २४ हजार, मुंबईचे ३८ हजार आणि माझी वही

५ पैकी २ स्टार देतेय. दोन पण दिले ते एवढ्यासाठी की या वेबसाइटमुळे मी इंटरव्ह्यूला पगाराचा आकडा तोंडाने मागितला, नाहीतर आपल्याकडे "सर तुम्ही द्याल ते" म्हणून विषय संपतो. बाकी तीन स्टार का कापले ते सांगायला जरा लांबड लावणार आहे, पण जे अकाउंट्समध्ये आहेत आणि नाशिक, कोल्हापूर, जळगाव, अकोला अशा गावातून मुंबई-पुण्याची ऑफर हातात घेऊन बसलेत त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण मी हीच वेबसाइट बघून निर्णय घेतला आणि आता चौदा महिन्यांचा हिशोब माझ्याकडे लिहिलेला आहे.

नाव घेत नाही. यांच्यासारख्या भरपूर आहेत आणि सगळ्यांची पद्धत तीच. आत्ता कुठे राहता ते निवडा, कुठे जाणार ते निवडा, पगार टाका, प्रोफेशन निवडा, घर "शहराच्या मध्यात" की "बाहेर" ते निवडा, आणि खाली आकडा येतो की नाशिकमधल्या एवढ्या पगाराइतकं राहणीमान मुंबईत ठेवायला तेवढा पगार लागेल. मी डिसेंबर २०२४ मध्ये टाकलं होतं नाशिक, २४,०००, अकाउंटंट. मध्यात राहिलात तर ५२,००० लागतील म्हणाली आणि बाहेर राहिलात तर ३३,५००. फोर्टमध्ये कोण राहणार आहे, डोंबिवलीलाच राहायचं होतं म्हणून मी बाहेर निवडलं. ऑफर होती ३८,०००. म्हणजे महिन्याला साडेचार हजारांचा फायदा, असं हिरव्या अक्षरात लिहून आलं, त्याचा स्क्रीनशॉट मी आईला पाठवला होता. तो अजून आहे फोनमध्ये.

आधी माझं सांगते म्हणजे तुलना करायला बरं. मी सीए नाही. एम.कॉम., जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाचा सरकारी डिप्लोमा), टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, टीडीएस, पेरोल, सात वर्षं अनुभव. वेबसाइटवर "अकाउंटंट" एवढा एकच पर्याय आहे आणि पहिला घोळ तिथेच. त्या एका शब्दात सीए, कॉस्ट अकाउंटंट, बारा-पंधरा हजारांवर व्हाउचर एंट्री करणारा बी.कॉम.चा मुलगा आणि फॅक्टरीचा बॅलन्सशीटपर्यंत सगळं ओढणारा सीनिअर, सगळ्यांची सरासरी काढून ठेवलीय. ती सरासरी यातल्या कुणाच्याच पगाराशी जुळत नाही. निदान सीए आणि नॉन-सीए एवढे दोन रकाने तरी वेगळे हवेत, आपल्या लाइनमध्ये पगाराचा सगळा खेळ त्याच रेषेवर आहे.

आता नाशिक. सातपूर एमआयडीसीत ऑटो पार्ट्सची कंपनी, मी राहायला इंदिरानगरला मैत्रिणीसोबत. ग्रॉस २४,०००. पीएफ १,८०० कापला जायचा, प्रोफेशन टॅक्स नाही कारण महाराष्ट्रात बायकांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे (एप्रिल २०२३ पासून), ईएसआयसीची (कामगार विम्याची) मर्यादा २१ हजार, त्याच्या मी वर. हातात २२,२००. खर्च असा, घरभाड्याचा अर्धा वाटा ४,५००, लाइट-गॅस-नेट मिळून ९००, ॲक्टिव्हाचं पेट्रोल आणि सर्व्हिसिंग १,२००, किराणा-भाजी-दूध ३,८००, मोबाइल ३००, बाहेरचं खाणं १,०००, निफाडला घरी येणं-जाणं ४००. बेरीज १२,१००. शिल्लक १०,१००. कपडेलत्ते, दवाखाना, घरी पाठवायचे पैसे यात धरलेले नाहीत, ते दोन्हीकडे सारखेच होते.

मुंबईत आल्यावर ग्रॉस ३८,०००, ऑफर लेटरवर सीटीसी (कंपनीला माझ्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च) पाच लाख. पाच लाख भागिले बारा करून ४१ हजार हातात येणार असं समजू नका, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा हप्ता सगळं बसवलेलं असतं. माझा पीएफ १,८००, प्रोफेशन टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००), हातात ३६,०००. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके १५,०००, दोघींत मिळून म्हणून माझे ७,५००. लाइट-गॅस-नेट १,०००. लोकलचा सेकंड क्लासचा पास आणि स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा मिळून १,२५०. किराणा-भाजी-दूध ४,३००. बाहेरचं खाणं २,६००. पोळ्यांच्या मावशींचा माझा वाटा १,२००. मोबाइल ३००. महिन्यातून दोनदा नाही जमलं तरी एकदा तरी पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोड आणि पुढे निफाड, सरासरी ८००. बेरीज १८,९५०. शिल्लक १७,०५०.

इथपर्यंत बघितलं तर वेबसाइट खरीच वाटते, उलट साडेचारच्या जागी जवळजवळ सात हजारांचा फायदा दिसतोय. पण हिशोब इथे संपत नाही ना.

पहिली गोष्ट, घर घेतानाचा खर्च. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, माझा अर्धा वाटा ७,५००. ॲग्रीमेंटचे माझे १,२००, सामानाच्या टेम्पोचे ९००. ९,६०० झाले, वर्षात वाटले तर महिन्याला ८००. डिपॉझिट ५०,०००, त्यातले माझे २५,०००, ते मी खर्चात धरत नाही कारण ते परत यायचं आहे, ॲसेट साइडलाच बसतं, पण रोख लागते ना हातात. पतसंस्थेतली माझी ठेव मुदतीआधी मोडावी लागली. वेबसाइटवर डिपॉझिट हा शब्दच नाही. शिवाय नवीन नोकरीचा पहिला पगार यायला सव्वा-दीड महिना जातो, तोपर्यंत खायचं काय? माझ्या मते निघताना ४५-५० हजार बाजूला असल्याशिवाय मुंबईची ऑफर ॲक्सेप्टच करू नये, मग पगार कितीही असू दे.

(ॲग्रीमेंटवरून आठवलं, एजंट सरसकट रक्कम सांगतो आणि आपण देतो. नियम असा आहे की एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, याच्यावर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, आणि महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००. पंधरा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटला स्टॅम्प ड्युटी पाचशेच्या आतच बसते. वरचे पैसे कशाचे ते विचारा, आपण हिशोबाची माणसं आहोत.)

दुसरी गोष्ट फार मोठी आहे आणि माझा खरा राग याच्यावरच आहे, बाहेरची कामं. छोट्या शहरातला अकाउंटंट फक्त पगारावर जगत नाही हो. नाशिकला माझ्याकडे चार दुकानांचं जीएसटी होतं, दोन मेडिकल, एक खताचं दुकान पंचवटीत आणि एक हार्डवेअर, प्रत्येकी महिन्याला हजार. आमच्या कंपनीच्या सरांना सांगूनच करत होते, त्यांची हरकत नव्हती, सातला सुटायचं, सात-वीसला घरी, चहा घेऊन आठ ते दहा बसलं की झालं. आणि जुलैमध्ये आयटीआर (लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न), ३५ रिटर्न ६०० रुपयांप्रमाणे. वर्षाचे ४८ अधिक २१, म्हणजे ६९ हजार, महिन्याला ५,७५० पडतात. पगाराच्या स्लिपमध्ये हे कुठेच दिसत नाही, म्हणून वेबसाइटलाही दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर निघताना मलाही दिसलं नाही. ते पैसे सुट्टे-सुट्टे यायचे, कुणी जीपे करायचं, कुणी पाकिटात द्यायचं, त्यामुळे ते आपलं उत्पन्न आहे असं कधी मनात ठळक झालंच नाही.

मुंबईला आल्यावर चारही दुकानं मैत्रिणीला देऊन टाकली. रात्री सव्वानऊला घरात पाऊल टाकल्यावर कुणाचं २बी (खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं स्टेटमेंट) मॅच करणार? पहिले दोन महिने प्रयत्न केला, एकदा ११ तारखेला एका मेडिकलची जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) राहून गेली आणि लेट फी मी माझ्या खिशातून भरली. त्या काकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण मीच म्हटलं आता बास. आयटीआर मात्र व्हॉट्सअपवर कागद मागवून ११ जणांचे केले, तेही २०२५ ला मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली म्हणून, नाहीतर पाच-सहाच झाले असते. ११ चे ६,६००, महिन्याला ५५०.

आता परत मांडा. नाशिक १०,१०० अधिक ५,७५०, म्हणजे १५,८५०. मुंबई १७,०५० वजा ८०० अधिक ५५०, म्हणजे १६,८००.

फरक ९५० रुपये. पगारात चौदा हजारांची वाढ आणि वर्षअखेरीस महिन्याला मागे पडणारे पैसे साडेनऊशेने जास्त. हा आकडा आला तेव्हा मी तीनदा बेरीज तपासली, वाटलं कुठेतरी एंट्री डबल झालीय. नव्हती झाली. मी घरचा हिशोब टॅलीतच ठेवते, "घर" नावाची कंपनी उघडून, रोजची एंट्री आधी वहीत आणि रविवारी टॅलीत, त्यामुळे चूक सापडायला वेळ लागत नाही.

आणि आता वेळ. नाशिकला इंदिरानगर ते सातपूर गाडीवर वीस मिनिटं, जाऊन-येऊन चाळीस. इथे दारातून निघाल्यापासून फोर्टच्या ऑफिसपर्यंत पावणेदोन तास, जाऊन-येऊन साडेतीन. रोजचे जास्तीचे दोन तास पन्नास मिनिटं, पंचवीस दिवस धरले तर महिन्याला सत्तर तास. ९५० भागिले ७०, तासाला साडेतेरा रुपये. आमच्या स्टेशनबाहेरचा वडापाव सुद्धा यापेक्षा महाग आहे.

ट्रेनमध्ये वाईट वाटतं असं मात्र म्हणणार नाही. लेडीज डब्यातल्या माझ्या ग्रुपने मला खरंच सांभाळून घेतलं. ठाकुर्लीच्या एक ताई आहेत, पोस्टात आहेत, त्या रोज संध्याकाळी भायखळ्यापासून मांडीवर पेपर पसरून मेथी निवडतात, मुंब्र्यापर्यंत जुडी संपते, देठ पिशवीत, पानं डब्यात, एक काडी खाली पडू देत नाहीत. मला पहिल्यांदा बसायला जागा त्यांनीच दिली होती, "नवीन आहेस ना, कुर्ल्याला उठते मी थोडा वेळ, बस" असं म्हणून. पण मुंब्रा म्हटलं की ९ जून २०२५ आठवतो. मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातली माणसं पडून गेली त्या दिवशी. मी त्याच लाइनवर होते, पुढच्या गाडीत, आईचे सात मिस्ड कॉल होते. आधी नाशिकहून मी रोज संध्याकाळी आईला फोन करायचे, त्या दिवसापासून रोज सकाळी ऑफिसला पोचले की आधी तिला मेसेज टाकते आणि मग पंच करते. वेबसाइटवर मुंबईच्या वाहतुकीला फुल मार्क आहेत, "स्वस्त आणि वेगवान" लिहिलंय. स्वस्त आहे, शंभर टक्के, महिन्याचा पास साडेतीनशेच्या आत आहे आणि एवढं अंतर एवढ्या पैशात कुठेच नेत नाही कुणी. पण त्या पासाचा बाकीचा खर्च शरीर भरतं.

अजून एक, बाहेरचं खाणं १,००० वरून २,६०० झालं ते चैनीमुळे नाही झालं. वीस तारखेला ३बी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न), सात तारखेला टीडीएस, पंधराला पीएफ, महिन्यातल्या या तारखांना आपण लवकर घरी जात नाही हे लाइनमधल्या प्रत्येकाला माहितेय. नाशिकला साडेनऊला सुटले तरी दहाला गरम वरणभात समोर असायचा. इथे साडेनऊला सुटलं की भूक सीएसएमटीलाच लागते आणि मग सँडविच, कधी पावभाजी. सप्टेंबरमध्ये जीएसटीचे रेट बदलले, २२ तारखेपासून १२ आणि २८ चे स्लॅब जाऊन ५ आणि १८ वर आले, तेव्हा आमच्या इम्पोर्टच्या फर्ममध्ये बाराशेच्या वर आयटमचे मास्टर (सॉफ्टवेअरमधल्या मूळ नोंदी) बदलायचे होते. २१ ला रविवार, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आम्ही चौघं ऑफिसात रात्री अकरापर्यंत. त्या रात्री जेवण कंपनीने दिलं आणि कॅबही दिली, हे पण लिहायला हवं. नाशिकच्या छोट्या कंपनीत ओव्हरटाइमला चहा मिळायचा फक्त.

वेबसाइटचं कौतुक करायचं तर काही आकडे तिने बरोबर धरलेत. दूध, सिलिंडर, मोबाइल रिचार्ज यात फार फरक नाही म्हणते, खरंच नाही. लाइटचंही डोंबिवलीला तसंच, कारण डोंबिवलीला पण महावितरणच आहे नाशिकसारखं, युनिटचा दर तोच. भाजीत मात्र साफ चुकलीय. नाशिकला संध्याकाळी दहा रुपयांना मिळणारी कोथिंबिरीची जुडी इथे पंचवीस रुपयांना घेते आणि ती पण माझ्याच जिल्ह्यातून आलेली असते, रात्रभर प्रवास करून. आणि त्यांच्या खर्चाच्या टोपलीत जिमची फी, सिनेमाचं तिकीट, कॅपुचिनो आहे! अडतीस हजारांच्या अकाउंटंटच्या खर्चात हे कुठे बसतं? त्याऐवजी शेअर रिक्षा, पोळ्यांच्या मावशी आणि गावी जायचं तिकीट घाला ना, आमचा खरा खर्च तो आहे.

टॅक्सचा भाग तर काढूनच टाकावा त्यांनी. मुंबईला एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि नाशिकला ४० टक्के, म्हणून मुंबईत टॅक्स वाचेल असं दाखवतात. पण ती सूट टॅक्सच्या जुन्या पद्धतीत मिळते, नवीन पद्धतीत मिळतच नाही, आणि नवीन पद्धतीत २०२५-२६ ला पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स शून्य आहे. आमच्या पगाराला दोन्ही शहरात शून्यच. जो टॅक्स भरायचाच नाही तो वाचणार कसा? अर्ध्या लाखाच्या आत पगार असलेल्या माणसाला हे दाखवणं म्हणजे दिशाभूल आहे, मी स्पष्ट म्हणेन.

मग मुंबईला आले ते चुकलं का? माझं प्रामाणिक मत, नाही. एका वर्षात जे शिकले ते सातपूरला पाच वर्षांत नसतं शिकले. इम्पोर्टची बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा कागद), फॉरेक्समधला फरक कसा बुक करायचा, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, स्टॅच्युटरी ऑडिटरसमोर स्वतः बसून उत्तरं देणं. नाशिकला ऑडिटर आले की आमचे सर बोलायचे आणि मी मागून फायली द्यायचे. इथे पहिल्याच ऑडिटला मला एकटीला बसवलं, हात थरथरत होते, पण तिसऱ्या दिवशी ऑडिटरने माझ्या वर्किंगवर सही केली तेव्हा जे वाटलं ते साडेनऊशे रुपयात मोजता येत नाही. पगारवाढ पण नाशिकला वर्षाला हजार-दीड हजार व्हायची, इथे जानेवारीत ३८ चे ४१,५०० झाले (घरमालकीण काकूंनी भाडं पण हजाराने वाढवलं, माझे पाचशे). म्हणजे फायदा आहे, पण तो पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आहे, आणि वेबसाइट मात्र पहिल्याच महिन्यापासून हिरवा आकडा दाखवते. ज्याच्या घरी पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवायचेत त्याने त्या हिरव्या आकड्यावर विसंबून टेम्पो बोलवू नये.

जीडीसी अँड ए वाल्यांसाठी एक सांगते. डोंबिवलीत गल्लोगल्ली हाउसिंग सोसायट्या आहेत आणि बऱ्याच सोसायट्यांचे हिशोब रिटायर झालेले सेक्रेटरी काका रजिस्टरवर ओढत असतात. जानेवारीपासून आमच्याच सोसायटीचं अकाउंट लिहायला घेतलंय, महिन्याला २,०००, रविवारी सकाळचे दोन तास. नाशिकची चार दुकानं गेली त्याची निम्मी भरपाई या एका कामात झाली. हे मला पहिल्या महिन्यात सुचायला हवं होतं, तुम्ही आल्या आल्या चौकशी करा.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या सरांचा फोन आला होता. म्हणाले, "ताई, तुमच्या जागी दोघं ठेवून बघितले, नाही जमलं. ३३ देतो, या परत." वेबसाइटवर टाकलं तर ती म्हणते मुंबईच्या ४१,५०० समोर नाशिकला २९,८०० पुरे, लगेच जा. वहीत मांडलं तर ३३ मधले हातात ३१, खर्च आता १३ हजार धरला तरी १८,००० शिल्लक, आणि दुकानं परत मिळाली तर बावीस. इथे ४१,५०० मधले ३९,५०० हातात, खर्च साडेएकोणीस, सोसायटीचे दोन हजार आणि आयटीआरचे साडेपाचशे धरून साडेबावीस. परत पाचशेचाच फरक, पण यावेळी दुसऱ्या पारड्यात ऑडिटरसमोर एकटीने बसण्याचं दुसरं वर्ष पण आहे आणि आई पण आहे. सरांना ३१ मार्चचं क्लोजिंग होईपर्यंत थांबा म्हटलंय. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पंचवटीचं रिझर्व्हेशन केलंय, वही सोबत नेणार आहे.